निकाह, मेहेर आणि पुरावा : काझीच्या कचेरीपासून कुटुंब न्यायालयापर्यंत

१. प्रास्ताविक

दावा, इन्कार, कबूल, वकील, जामीन, तारीख, रक्कम. हे शब्द आपण मराठीत रोज वापरतो आणि ते मूळचे अरबी आहेत हे बहुधा आपल्या लक्षातही येत नाही. बहमनी काळापासून पुढे काही शतके दख्खनचा न्यायव्यवहार ज्या परिभाषेत चालला, तिच्यातून ते मराठीत आले. त्यामुळे इस्लामी न्यायालयात एखादा खटला कसा चालत असे, हे समजून घेताना मराठी विद्यार्थ्याला परभाषा शिकावी लागत नाही. शब्द घरचेच आहेत, त्यांचे मूळ काम तेवढे पाहायचे आहे.

या पाठात आपण एकच प्रश्न घेणार आहोत. एखादी स्त्री न्यायाधीशापुढे उभी राहून म्हणते, ‘हा माझा नवरा आहे आणि याच्याकडून माझे मेहेर येणे आहे.’ समोरचा पुरुष किंवा त्याचे वारस ते नाकारतात. अशा वेळी तिने काय दाखवायचे, कोणाला आणायचे, आणि तिच्याकडे काहीच नसेल तर कायदा काय करतो?

लग्न वैध असणे आणि लग्न सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लग्न सिद्ध होणे आणि त्यातला पैसा सिद्ध होणे याही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे दोन भेद लक्षात ठेवले, की काझीच्या कचेरीपासून आजच्या कुटुंब न्यायालयापर्यंतचा पुढचा सगळा इतिहास समजायला सोपा जातो.

२. हुंडा आणि मेहेर

आधी शब्द स्पष्ट करू. हुंडा वधूकडून वराकडे जातो. मेहेर वराकडून वधूकडे जाते, आणि ते तिच्या बापाला नव्हे, तिला स्वतःला मिळते. त्यामुळे ‘वधूमूल्य’ हा शब्दही येथे बरोबर नाही. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंड्याची व्याख्या करतानाच, ज्यांना शरियत लागू आहे अशांच्या बाबतीत मेहेर ही रक्कम व्याख्येबाहेर ठेवली आहे.

मेहेरचे दोन भाग पडू शकतात. एक भाग ‘मुअज्जल’, म्हणजे पत्नीने मागताच द्यायचा. दुसरा ‘मुवज्जल’, म्हणजे पुढे ढकललेला. तो साधारणतः घटस्फोट किंवा मृत्यू झाल्यावर देय होतो. दोन्ही शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागतात आणि देवनागरीत लिहिताना त्यांच्यात एका अक्षराचाच फरक उरतो. करारात केवळ हा शब्द घाईने लिहिला असेल, तर वीस वर्षांनी एका अक्षरावर वाद उभा राहू शकतो. म्हणून ‘मागताच देय’ आणि ‘नंतर देय’ असे सरळ मराठीत लिहिलेले बरे.

तिसरी गोष्ट जहेज, म्हणजे मुलीबरोबर माहेरून येणारी भांडीकुंडी, दागिने, कपडे, सामान. मेहेर हे नवऱ्यावरचे कर्ज असते, तर जहेज ही सामान्यतः पत्नीची मालमत्ता मानली जाते. दाव्यात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात, पण त्यांचा पुरावा वेगवेगळ्या वाटेने जातो.

३. वैध विवाह आणि सिद्ध विवाह

भारतातील बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी पंथाचे आहेत, म्हणून आपण मुख्यतः हनफी नियम पाहू. निकाहाला एका पक्षाचा प्रस्ताव, दुसऱ्याची स्वीकृती आणि दोन साक्षीदार लागतात. साक्षीदार दोन पुरुष किंवा एक पुरुष आणि दोन स्त्रिया असावेत. शिया पंथात निकाहाच्या वैधतेसाठी साक्षीदार आवश्यक मानलेले नाहीत. लेखी कागद दोन्हीकडे आवश्यक नाही. निकाहाच्या वेळी मेहेरचा उच्चार झाला नाही, तरी निकाह होतो आणि मेहेरही लागू होते.

‘हिदाया’ हा हनफी कायद्याचा बाराव्या शतकातला प्रसिद्ध ग्रंथ आहे. चार्ल्स हॅमिल्टनने १७९१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि पुढे कंपनीच्या न्यायालयांत ते चालले. साक्षीदारांबद्दल या ग्रंथात एक बारकावा आहे. निकाहाला हजर असणारा साक्षीदार फार सचोटीचा नसला तरी निकाह वैध होतो. जोडप्याची आधीची मुलगे साक्षीदार म्हणून बसली असली, तरीही निकाह वैध होतो. परंतु उद्या वाद झाला, तर मुलाची साक्ष आई किंवा बापाच्या बाजूने धरली जात नाही, आणि बदलौकिकाच्या माणसाची साक्ष काझी सहसा मान्य करत नाही.

म्हणजे लग्न पूर्णपणे वैध असूनही ते न्यायालयात सिद्ध करता येणार नाही, अशी स्थिती येऊ शकते. जुन्या शास्त्र्यांनी ही शक्यता उघड मान्य केली होती. मांडवात कोण बसले, यावर लग्नाची वैधता ठरते. त्यांच्यापैकी कोणाचा शब्द कचेरीत चालेल, यावर त्याची सिद्धता.

४. दावा, साक्ष आणि शपथ

काझीच्या न्यायदानाचे मूळ सूत्र असे : पुरावा दावा करणाऱ्याने द्यावा, आणि शपथ नाकारणाऱ्याने घ्यावी. पहिला पक्ष ‘मुद्दई’, दुसरा ‘मुद्दाअलैह’. मुद्दईने दोन साक्षीदार आणायचे. काझी त्या साक्षीदारांच्या चारित्र्याची चौकशी करत असे, तिला ‘तजकिया’ म्हणत. साक्ष पटली तर निवाडा मुद्दईच्या बाजूने होई. साक्षीदार नसतील, तर मुद्दाअलैहला शपथ घालता येत असे. त्याने शपथ घेऊन नाकारले, तर दावा संपला. शपथ घ्यायला तो कचरला, तर त्याच्याविरुद्ध निवाडा होई.

विवाहाच्या बाबतीत या सूत्राला दोन मुरडी आहेत.

पहिली मुरड पत्नीच्या सोयीची आहे. साक्षीदाराने स्वतः पाहिलेलेच सांगावे, हा सर्वसाधारण नियम. पण वंश, मृत्यू आणि विवाह या गोष्टींत लोकप्रसिद्धीवरूनही साक्ष देता येते. ‘यांना आम्ही सगळे नवरा-बायको म्हणूनच ओळखतो’ एवढे विश्वासार्ह माणसांकडून कळले असेल, तर निकाहाच्या बैठकीला हजर नसलेला शेजारीही साक्ष देऊ शकतो. कारण उघड आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नाचे दोन प्रत्यक्षदर्शी आज कुठून आणायचे?

दुसरी मुरड जास्त विचार करायला लावणारी आहे. अबू हनीफा यांच्या मते, केवळ विवाहाच्या दाव्यात नाकारणाऱ्याला शपथ घालता येत नाही. त्यांचे दोन शिष्य, अबू यूसुफ आणि मुहम्मद, यांना हे मान्य नव्हते. पण स्त्रीने विवाहाबरोबर मेहेरही मागितले असेल, तर तो पैशाचा दावा होतो आणि पुरुषाला शपथ घ्यावी लागते. तो शपथेला कचरला तर? हिदायाचे उत्तर असे की रक्कम सिद्ध होते, विवाह सिद्ध होत नाही.

हे वाचताना प्रथम विचित्र वाटते. ज्या विवाहामुळे मेहेर देय होते, तो विवाहच सिद्ध नाही आणि मेहेर मात्र द्यायचे! पण तर्क पक्का आहे. पैसा ही माणसाने स्वखुशीने सोडून देता येण्यासारखी वस्तू आहे, म्हणून शपथ टाळणे म्हणजे पैसा सोडणे असे धरता येते. पत्नीत्व किंवा पतीत्व असे सोडून वा देऊन टाकता येत नाही. एकाच घटनेच्या दोन बाजूंना कायद्याने पुराव्याची दोन वेगवेगळी मापे लावली, ती अशी.

५. आकड्याचा वाद

विवाह दोघांनाही मान्य आहे, वाद फक्त मेहेरच्या रकमेचा आहे, असे प्रकरण जास्त वेळा घडण्यासारखे असते. लग्न झाल्याचे गावाला माहीत असते. आकडा मात्र बैठकीतल्या चारचौघांनाच ऐकू आलेला असतो.

अशा वेळी हनफी कायदा ‘मेहेर-ए-मिस्ल’ या कल्पनेचा आधार घेतो. मिस्ल म्हणजे सारखे, तुल्य. त्या स्त्रीच्या बापाकडच्या स्त्रियांना, म्हणजे तिच्या बहिणींना, आत्यांना, चुलत बहिणींना किती मेहेर ठरले होते, ते पाहायचे. त्यांच्यातही वय, रूप, संपत्ती, बुद्धी, गाव आणि काळ यांत साम्य असेल त्यांचेच धरायचे. आईकडच्या स्त्रिया बापाच्या कुळातल्या नसतील, तर त्या मोजायच्या नाहीत.

यावरून निवाडा कसा होतो, ते हिदायातल्याच उदाहरणाने पाहू. कोणाकडेही साक्षीदार नाहीत. पती म्हणतो मेहेर १००० ठरले होते, पत्नी म्हणते २०००.

- तुल्य मेहेर १००० किंवा त्याहून कमी निघाले, तर पतीचा शब्द त्याच्या शपथेवर मान्य.
- तुल्य मेहेर २००० किंवा त्याहून जास्त निघाले, तर पत्नीचा शब्द तिच्या शपथेवर मान्य.
- तुल्य मेहेर १५०० निघाले, तर दोघांनाही शपथ घालायची आणि १५०० द्यायचे.

हे मत अबू हनीफा आणि मुहम्मद यांचे. अबू यूसुफ यांच्या मते पतीचा शब्द धरावा. त्याने अगदीच न पटण्याजोगी क्षुल्लक रक्कम सांगितली असेल तरच तो सोडावा.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना यात ओळखीची रचना दिसेल. नोंद हरवली म्हणून गणित थांबत नाही. आधीच ठरवून ठेवलेले मूल्य वापरात येते. येथे ते मूल्य कुटुंबातल्या स्त्रियांच्या पूर्वीच्या विवाहांतून काढले जाते. त्यासाठी काझीला शेवटी घरातल्या जाणत्या बायकांच्या आठवणीपर्यंत जावे लागे. थोरल्या आत्याचे मेहेर किती होते, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार?

जहेजच्या वस्तूंबाबतही असेच अनुमानाचे नियम आहेत. घरातल्या सामानावर दोघांनीही हक्क सांगितला आणि पुरावा कोणाकडेच नसेल, तर स्त्रियांच्या वापराच्या वस्तू पत्नीच्या, पुरुषांच्या वापराच्या वस्तू पतीच्या, असे धरावे. दोघांनाही चालण्यासारख्या वस्तू पतीच्या धराव्यात, असे अबू हनीफा म्हणतात. घागर, पलंग, सतरंजी अशा वस्तू कोणाच्या, हा प्रश्न तेराशे वर्षांपूर्वीही न्यायालयापर्यंत जात होता, हे यावरून कळते.

६. कागदाचे स्थान

अभिजात इस्लामी कायद्यात लेखी कागदाला स्वतंत्र पुराव्याचे स्थान नव्हते. एक हस्ताक्षर दुसऱ्यासारखे दिसू शकते, ही हरकत शास्त्री घेत. कागद साक्षीदाराला आठवण करून देण्यासाठी असतो. पुरावा म्हणजे जिवंत माणसाची तोंडी साक्ष.

व्यवहार मात्र या सिद्धान्तावर थांबला नाही. करारनामे कसे लिहावेत, यावर शास्त्र्यांनीच ‘शुरूत’ नावाचे वेगळे वाङ्मय निर्माण केले. ऑटोमन साम्राज्यात प्रत्येक काझीच्या कचेरीत ‘सिजिल’ नावाची नोंदवही असे. अनातोलियातील कायसेरीसारख्या शहरांच्या जुन्या सिजिलांत, स्त्रिया स्वतः कचेरीत येऊन मेहेर, घर आणि वारसा यांचे दावे करताना दिसतात. प्रत्येक नोंदीखाली त्या वेळी हजर असलेल्यांची नावे असत. पुढे वाद उठला, तर कोणाला बोलवायचे हे त्या यादीवरून कळे.

आपल्याकडचे उदाहरण सुरतेचे. सतराव्या शतकातील सुरतेचे काही फारसी निकाहनामे उपलब्ध आहेत. त्यांत मेहेरच्या आकड्याबरोबर नवऱ्यावर घातलेल्या अटी आढळतात : पहिली पत्नी असताना दुसरी करायची नाही, मारहाण करायची नाही, खर्चाची तजवीज न करता दीर्घकाळ गैरहजर राहायचे नाही, दासी ठेवायची नाही. हे बंदर व्यापाऱ्यांचे. माणूस जहाजावर चढला की परत कधी येईल, याचा नेम नसे. तिथल्या मुलींच्या वडिलांनी कराराच्या दिवशीच पुढच्या भांडणाचा विचार करून ठेवला होता.

७. दख्खनमधील काझी आणि मुलाणी

औरंगजेबाच्या आज्ञेवरून सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘फतावा-ए-आलमगिरी’ हा हनफी निर्णयांचा मोठा संग्रह तयार झाला. त्या पंडितमंडळाचे प्रमुख शेख निजाम हे बुऱ्हाणपूरचे, म्हणजे आपल्या खानदेशाच्या शेजारचे. विवाह, मेहेर, साक्ष आणि दावा यांवर या ग्रंथात सविस्तर प्रकरणे आहेत.

पण ग्रंथ एका बाजूला आणि गाव दुसऱ्या बाजूला. आदिलशाही आणि निजामशाहीच्या मुलखात महत्त्वाचा तंटा मजालशीपुढे जाई. तिथे सरकारी अधिकारी, काझी, देशमुख, देशपांडे, पाटील आणि गोतातली माणसे एकत्र बसत आणि निवाड्याचा महजर होई. महजर हा शब्दच ‘हजर’ याच्या कुळातला आहे. त्याचे बळ हजर माणसांच्या नावांत आणि निशाण्यांत होते. आजचे बेंगळूरुही सतराव्या शतकात आदिलशाहीखाली आणि शहाजीराजांच्या जहागिरीत होते, तेव्हा ही पद्धत या भागालाही अनोळखी नसावी.

मराठी खेड्यात निकाह लावण्याचे काम बहुधा मुलाणी करत असे. तो गावगाड्याचा भाग होता. खेड्यातल्या सामान्य मुसलमान कुटुंबाच्या लग्नाचा पुरावा म्हणजे मुलाणी, पाटील आणि जेवायला आलेले गाव. वर सांगितलेला लोकप्रसिद्धीचा नियम अशा गावासाठीच केल्यासारखा वाटतो. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तिथे पुढे काझींकडे निकाहाची ‘सियाहा’ नावाची नोंद ठेवण्याची पद्धत रुळली.

‘मियाँ बीबी राजी तो क्या करेगा काजी’ ही म्हण आपल्याकडेही सर्रास वापरतात. कायद्याच्या दृष्टीने ती बरोबर आहे, कारण निकाहाला काझीची उपस्थिती आवश्यक नाही. पण मियाँ-बीबी राजी असतात तोवरच ती म्हण खरी. बेबनाव झाला, की काझीचे दप्तर आठवते.

८. इंग्रजी अमदानीतील बदल

१७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या योजनेने बंगालमध्ये मुसलमानांच्या विवाह, वारसा अशा बाबतींत कुराणाचा कायदा लावण्याचे ठरले. मुंबई इलाख्यात वेगळा क्रम होता. १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेतील चौथ्या रेग्युलेशनने आधी सरकारी कायदा, तो नसेल तर देशरिवाज, तोही नसेल तर प्रतिवादीचा कायदा आणि शेवटी न्यायबुद्धी असा क्रम लावला. त्यामुळे मुंबई इलाख्यात रूढीच्या पुराव्याला मोठे महत्त्व आले.

पुढच्या तीन पायऱ्या लक्षात ठेवाव्यात. १८६४ च्या ११ व्या कायद्याने न्यायालयांना सल्ला देणारे मौलवी आणि पंडित यांची पदे रद्द झाली आणि सरकारने काझी नेमणेही बंद केले. १८७२ च्या पुरावा कायद्याने दोन साक्षीदारांची अट आणि तजकिया मागे पडले. कोणतीही गोष्ट सिद्ध करायला साक्षीदारांची ठराविक संख्या लागत नाही, असे कलम १३४ ने सांगितले. १८८० च्या काझी कायद्याने काझी नेमण्याची सोय परत आली, पण त्याला न्यायदानाचा अधिकार मिळणार नाही आणि निकाहाला त्याची उपस्थिती आवश्यक ठरणार नाही, हेही त्याच कायद्यात लिहिले होते. म्हणजे मूळ कायदा इस्लामी राहिला आणि पुराव्याचा कायदा इंग्रजी झाला.

तरीही जुनी तत्त्वे नव्या वेषात टिकली. लोकप्रसिद्धीचा नियम प्रिव्ही कौन्सिलच्या निकालांत आला : १८४४ च्या खाजा हिदायतुल्ला खटल्यात, दीर्घ सहवास आणि पतीने दिलेली मान्यता यांवरून विवाहाचे अनुमान करता येते, असे ठरले. स्वतंत्र भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये मोहम्मद अमीन खटल्यात असेच अनुमान केले. शपथेचेही तसेच. १८७३ च्या शपथ कायद्यात एका पक्षाने दुसऱ्याला विशिष्ट शपथेने बांधून घेण्याची सोय होती. ती १९६९ पर्यंत टिकली.

तात्काळ आणि नंतरच्या मेहेरचे प्रमाण करारात सांगितले नसेल तर काय करावे? मुंबई उच्च न्यायालयाने १९११ च्या हुसेनखान विरुद्ध गुलाब खातून खटल्यात, सुन्नी पक्षांच्या बाबतीत रूढी आणि पक्षांची परिस्थिती पाहून प्रमाण ठरवावे, असा पवित्रा घेतला. मद्रासकडे पूर्ण मेहेर तात्काळ देय मानण्याकडे कल होता. मुंबई आणि मद्रास या दोन इलाख्यांत एकाच प्रश्नाला दोन उत्तरे होती.

विधवेच्या बाबतीत १९१६ च्या हमीरा बीबी खटल्याने स्पष्ट केले, की मेहेर हे पतीच्या मालमत्तेवरचे कर्ज आहे आणि ते वारसांत वाटणी होण्याआधी फेडायचे आहे. ती मालमत्ता विधवेच्या ताब्यात कायदेशीरपणे आली असेल, तर मेहेर मिळेपर्यंत तिला वारसांविरुद्ध ताबा ठेवता येतो. मात्र इतर सावकारांच्या पुढे तिचा नंबर लागत नाही. म्हणून मेहेरच्या खटल्यांत निकाहनाम्याइतकेच ताब्यालाही महत्त्व आले. आणि १९०८ च्या मुदतीच्या कायद्याने मेहेरच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत घातली : तात्काळ मेहेरसाठी मागणी नाकारल्यापासून, नंतरच्या मेहेरसाठी मृत्यू किंवा घटस्फोटापासून. खरा हक्कही उशिरा आला तर बुडतो, ही नवी गोष्ट होती.

९. स्वतंत्र भारत : आकडा लहान, प्रश्न मोठा

१९७९ चा बाई ताहिरा खटला मुंबईचा. १९६२ च्या तडजोडीत पत्नीला मेहेरचे ५००० रुपये आणि इद्दतीचे १८० रुपये मिळाले होते. एवढे दिले म्हणजे पोटगीची जबाबदारी संपली का, हा प्रश्न होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, त्या रकमेतून पत्नीचा निर्वाह होतो का, ही कसोटी लावली आणि उत्तर पत्नीच्या बाजूने दिले.

इंदूरच्या शाहबानो यांचा विवाह १९३२ चा. त्यांनी एप्रिल १९७८ मध्ये पोटगीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पतीने घटस्फोट दिला. मेहेर ३००० रुपये. दंडाधिकाऱ्यांनी पोटगी ठरवली दरमहा २५ रुपये. उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मेहेर ही घटस्फोटाच्या बदल्यात द्यायची रक्कम नाही. त्यानंतरचा १९८६ चा कायदा सर्वांना माहीत असतो तो पोटगीच्या वादामुळे. पण त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये मेहेरची रक्कम आणि लग्नाच्या आधी, लग्नात वा नंतर नातेवाइकांनी, मित्रांनी, पतीने दिलेल्या वस्तू घटस्फोटित स्त्रीला परत मिळण्याची तरतूद आहे. मेहेर आणि जहेज यांचा दावा तिला थेट दंडाधिकाऱ्यांकडे नेता येतो.

मराठवाड्यातून आलेला एक निकाल पुराव्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने दगडू पठाण विरुद्ध रहिंबी या लातूरच्या खटल्यात निर्णय दिला. ‘मी तलाक दिला आहे’ एवढे पतीने जबाबात लिहिले म्हणजे तलाक सिद्ध होत नाही; तलाक दिल्याची घटना आणि त्यासाठीच्या अटी पाळल्याचे त्याने पुराव्याने सिद्ध केले पाहिजे, असे त्या पीठाने म्हटले. नीट पाहिले तर हे जुनेच सूत्र आहे : जो दावा करतो, त्याने पुरावा द्यावा. विवाहाचा दावा पत्नीचा असेल तर ओझे तिच्यावर. विवाह संपल्याचा दावा पतीचा असेल तर ओझे त्याच्यावर.

१०. नोंदणी : कायदा न बदलता पुरावा बदलणे

इजिप्तने १९३१ मध्ये एक चतुर मार्ग काढला. तोंडी निकाह अवैध ठरवला नाही. पण ऑगस्ट १९३१ नंतरचा विवाह एका पक्षाने नाकारला, तर अधिकृत दस्तऐवजाशिवाय न्यायालय तो दावा ऐकणारच नाही, असे ठरवले. विवाह देवापुढे वैध, न्यायालयापुढे नाही. याचा फटका कोणाला बसला? ज्या स्त्रीचा ‘उर्फी’, म्हणजे नोंदणीविना निकाह झाला होता, तिला ना मेहेर मागता येई, ना घटस्फोट. शेवटी २००० च्या कायद्याने, कोणताही लेखी कागद असेल तर अशा विवाहातून निदान घटस्फोट मागण्याची वाट मोकळी केली. पाकिस्तानच्या १९६१ च्या अध्यादेशाने वेगळा उपाय केला : निकाहनाम्यात मेहेर कसे द्यायचे ते लिहिलेले नसेल, तर संपूर्ण रक्कम मागताच देय समजावी.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्वनीकुमार खटल्यात सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. कर्नाटकात १९७६ चा, महाराष्ट्रात १९९८ चा नोंदणी कायदा आहे. कर्नाटकात वक्फ मंडळाला विवाह प्रमाणपत्रे देण्याचा अधिकार देणारा सरकारी आदेश २०२३ मध्ये निघाला आणि २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. काझीचे दप्तर मोठे की सरकारी नोंदवही, हा १८६४ चा प्रश्न बेंगळूरुत आजही संपलेला नाही.

११. समारोप

या इतिहासातून एक गोष्ट सतत दिसते. हक्क काय आहे, याबद्दल फारसा वाद कधीच नव्हता. मेहेर पत्नीचे आहे, हे काझीला, प्रिव्ही कौन्सिलला आणि सर्वोच्च न्यायालयाला सारखेच मान्य होते. अडचण पुराव्याची होती. पुरावा लग्नाच्या दिवशी तयार होतो आणि त्याची गरज भांडणाच्या दिवशी पडते. मधल्या काळात तो बहुधा सासरच्या कपाटात असतो.

जुन्या कायद्याला हे ठाऊक होते. म्हणून लोकप्रसिद्धी, तुल्य मेहेर आणि शपथ या तीन सोयी त्याने कागद नसलेल्या स्त्रीसाठी ठेवल्या. नोंदणीच्या काळात कागदाचे बळ वाढले, तसे कागद नसलेल्या स्त्रीचे दुबळेपणही वाढले. म्हणून निकाहनाम्यात तारीख, ठिकाण, साक्षीदार व वकील यांची पूर्ण नावे, मेहेरचा आकडा अक्षरी आणि अंकी, त्यातील किती दिले व किती येणे आहे, आणि जहेजच्या वस्तूंची यादी एवढे तरी असावे. आणि त्याची एक प्रत वधूच्या हातात असावी.

विचारासाठी प्रश्न

१. निकाह वैध असूनही सिद्ध करता येणार नाही, अशी दोन उदाहरणे द्या.

२. शपथ नाकारल्यास मेहेर सिद्ध होते, विवाह सिद्ध होत नाही. यामागील तर्क आपल्या शब्दांत मांडा. तो तुम्हाला पटतो का?

३. पती ३००० आणि पत्नी ५००० मेहेर सांगते. तुल्य मेहेर ४००० निघाले. अबू हनीफा आणि अबू यूसुफ यांच्या मतांनुसार निवाडा कसा होईल?

४. इजिप्तच्या १९३१ च्या नियमासारखा नियम आपल्याकडे केला, तर ज्या स्त्रियांकडे कागद नाही त्यांच्यावर काय परिणाम होईल?